कढण : डाळीच्या पाण्याचा इतिहास

मूग, कुळीथ किंवा तत्सम कडधान्य भरपूर पाण्यात शिजवून, त्याचा कस पाण्यात उतरला की दाणे गाळून किंवा त्यातच घोटून, वर हिंग-जिऱ्याची फोडणी, आले आणि कोथिंबिरीचा किंवा कढीलिंबाचा हिरवा पाला घालून जे पातळ, पिण्याजोगे कालवण होते, त्याला मराठीत कढण म्हणतात. आजच्या शहरी घरात त्याची आठवण बहुधा ताप उतरल्यावर किंवा पोट बिघडल्यावरच होते, आणि त्यामुळे ते आजाऱ्याचे अन्न आहे अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु या पदार्थाचा माग काढत मागे गेले असता असे दिसते की आजाऱ्याची वाटी आणि कष्टकऱ्याची थाळी या दोन्हींत तो फार पूर्वीपासून आहे, आणि त्याच्या इतिहासात दाण्यापेक्षा पाण्याला अधिक महत्त्व आहे. दाणा कोणता, हे प्रदेशाने ठरवले. पाणी किती घालायचे आणि ते निथळून काढायचे की नाही, हे मात्र कधी वैद्यकाने, कधी गरजेने आणि अखेरीस भांड्याने ठरवले.

कढण हे नाम कढणे या क्रियापदावरून आले असून त्याच्या मुळाशी संस्कृतातील क्वथ् हा धातू, म्हणजे उकळणे, आटवणे, आहे. याच धातूपासून क्वाथ आणि क्वाथापासून मराठीतला काढा निघाला; ताकाची कढीही याच कुळातली. काढा औषधाच्या बाजूला गेला, कढी जेवणाच्या पानात स्थिरावली, आणि कढण दोन्हीकडे ये-जा करीत राहिले. त्याच्या आसपासची नावेही बोलकी आहेत. सार म्हणजे कस, सत्त्व. आमटी हे नाव तिच्यातील आंबटपणा सांगते. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीवरून काढून घेतलेल्या पाण्याला कट म्हणतात, आणि देशावर त्याच पाण्याला येळवणी हे नाव आहे, कारण वेळणे म्हणजे शिजलेल्या धान्यावरचे पाणी निथळून काढणे. गोव्यात आणि कारवारच्या किनाऱ्यावर कोंकणी घरांत तुरीच्या डाळीचे जे पातळ कालवण होते त्याचे नावच दाळीतोय असे असून, तोय या संस्कृत शब्दाचा अर्थ पाणी असा आहे. दाळीतोयातील दाळी सोडली, तर या नावांपैकी एकही नाव दाण्याचे वर्णन करीत नाही. उकळणे, निथळणे, आंबटपणा, कस आणि पाणी हेच त्यांत सांगितलेले आहे.

सूप या शब्दाबाबत मात्र थोडी सावधगिरी बाळगावी लागते. संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली डाळ किंवा तिचे कालवण, सूपकार म्हणजे स्वयंपाकी आणि सूपशास्त्र म्हणजे पाकशास्त्र; एका पदार्थाच्या नावावरून सगळ्या विद्येला नाव मिळावे, यावरून त्या पदार्थाचे स्वयंपाकघरातील स्थान लक्षात येते. इंग्रजीतून आलेले, हॉटेलच्या कार्डावरचे सूप हे या शब्दाचे अपत्य नव्हे. तो शब्द फ्रेंचमार्गे आला असून मुळात रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याशी संबंधित आहे, आणि दोन्ही शब्दांतील साम्य हा निव्वळ योगायोग आहे. ज्या सुपात कडधान्य पाखडले जाते ते मराठी सूप तर तिसरेच, संस्कृत शूर्प या शब्दापासून आलेले. सुपात पाखडलेल्या कुळथाचे सूप व्हावे ही गंमत भाषेने आपसूक जुळवून आणली आहे. तिच्यावरून इतिहास रचण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

महाराष्ट्रात कडधान्य शिजवण्याचा पुरावा भाषेच्या पुराव्याहून पुष्कळ जुना आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात इ.स.पू. १६०० ते ७०० या सुमाराची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, म्हणजे दगडाच्या जोडीने तांब्याची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव, उघडकीस आली. तेथील जळून कोळसा झालेल्या दाण्यांत सातूबरोबर कुळीथ आणि मसूर यांसारखी कडधान्ये सापडली, तर घराघरांतून चुली मिळाल्या. त्या काळच्या जोर्वे संस्कृतीची, जिचे नाव संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून पडले आहे, खूण म्हणजे लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेली आणि अनेकदा लांब तोटीची मातीची भांडी. त्या भांड्यांत नेमके काय ओतले जाई हे भांडे सांगत नाही. तथापि तोटी ही पातळ पदार्थासाठीच लागते, आणि पाटा-वरवंटा, चूल, मडके व कडधान्य एवढे साहित्य जेथे एकत्र मिळते तेथे कालवणाची कल्पना करण्यास फारशी अडचण राहत नाही. कुळथाची परंपरा तर त्याहून मागे, कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांपर्यंत जाते. मूग आणि कुळीथ ही दख्खनच्या कोरड्या माळांना फार लवकर सरावलेली पिके आहेत, याउलट राजमा आणि श्रावणघेवडा या आज रूढ झालेल्या शेंगा अमेरिका खंडातून आलेल्या, म्हणजे गेल्या काही शतकांतल्या पाहुण्या आहेत.

लिखित पुराव्यात कुळीथ फार लवकर व्याकरणाच्या ग्रंथात चमकून जातो, ही गोष्ट खाद्येतिहासाच्या अभ्यासकांना नवी नसली तरी वाचकाला थोडी नवलाची वाटेल. पाणिनीने एखाद्या पदार्थाने संस्कारित केलेल्या, म्हणजे त्याचा स्वाद दिलेल्या, अन्नाला कोणता प्रत्यय लागतो हे सांगताना कुलत्थासाठी वेगळे सूत्र दिले असून, त्यावरून कौलत्थ हा शब्द सिद्ध होतो. कुळीथ हा अशा रीतीने अन्नाला चव देणारा पदार्थ होता, केवळ पोट भरणारा दाणा नव्हता. त्याच पाणिनीने कुस्तुम्बुरु हा शब्दही एका सूत्रात नोंदवला आहे. कुस्तुम्बुरु म्हणजे धण्याची वनस्पती, आणि मराठीतील कोथिंबीर हे त्याच शब्दाचे झिजलेले रूप. आजच्या कढणातील दाणा आणि त्यावर भुरभुरायचा पाला हे दोन्ही अशा प्रकारे एकाच व्याकरणात आढळतात, जरी पाणिनीने त्यांची गाठ एका भांड्यात घालून दिलेली नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा पदार्थ हिशेबाच्या वहीत शिरतो. कोठाराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगणाऱ्या प्रकरणात पुरुषाच्या एका जेवणाचे माप दिले आहे ते असे: एक प्रस्थ, म्हणजे त्या काळचे एक मध्यम माप, अखंड तांदूळ, त्याच्या चौथा हिस्सा सूप, सुपाच्या सोळावा हिस्सा मीठ, आणि तूप किंवा तेल चौथा हिस्सा; खालच्या दर्जाच्या माणसांना सूप सहावा हिस्सा आणि स्नेह, म्हणजे तूप-तेल, निम्मे; स्त्रियांना या मापाचा पाऊण आणि मुलांना अर्धा भाग. या हिशेबातील सर्वांत बोलकी बाब मिठाची आहे. मीठ तांदळावर मोजलेले नाही, सुपावर मोजले आहे. म्हणजे भात अळणी असून जेवणातील मीठ, स्निग्धता आणि चव या तिन्ही गोष्टी डाळीच्या कालवणातून पानात येत. दर्जा उतरला की प्रथम डाळ आणि तूप घटते, भात घटत नाही, हाही त्या मापाचा एक अर्थ होतो, आणि पुढची दोन हजार वर्षे गरिबाच्या घरातील आमटी पातळ होण्याचे कारण त्याहून वेगळे नाही.

डाळीच्या पाण्याचा खरा शास्त्रीय विचार मात्र वैद्यांनी केला, आणि तो इतका बारकाईने केला की या निबंधाला तेथे रेंगाळणे भाग आहे. वैद्यकात या पदार्थाचे नाव यूष. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात खाण्यापिण्याच्या पदार्थांचे बारा वर्ग केलेले आहेत. त्यांत शेंगेत येणाऱ्या धान्यांचा शमीधान्यवर्ग वेगळा, आले, मुळा, तुळस, ओवा, धणे, लसूण, कांदा यांसारख्या ताज्या, रुची आणणाऱ्या पाल्याचा व कंदांचा हरितवर्ग वेगळा, आणि शिजवलेल्या अन्नाचा कृतान्नवर्ग वेगळा. यूष या तिन्ही वर्गांना जोडतो, कारण त्याचा दाणा पहिल्या वर्गातला, त्याचा सुगंध दुसऱ्यातला आणि तो स्वतः तिसऱ्यातला. शेंगेतल्या धान्यांत मूग सर्वांत हितकर आणि उडीद सर्वांत अहितकर असा निवाडा चरकाने दिलेला असल्याने, यूष म्हटला की मुगाचाच, असे समीकरण पुढे रूढ झाले. कुळीथ उष्ण मानला गेल्यामुळे त्याचा यूष खोकला, दमा, उचकी आणि मुतखडा यांसाठी राखून ठेवला गेला. मुतखड्यावर कुळथाचे पाणी द्यावे, हा आजही घरोघरी ऐकू येणारा सल्ला त्या जुन्या वर्गीकरणाची दूरवर पोहोचलेली झुळूक आहे.

भावप्रकाश या सोळाव्या शतकातील ग्रंथात यूषाची व्याख्या पाण्याच्या प्रमाणावरून केली आहे: शेंगेतले धान्य अठरा पट पाण्यात शिजवावे, त्यात घन भाग विरळ असावा, आणि ते पेयेपेक्षा किंचित दाट उतरावे. पेया म्हणजे तांदळाची पातळ पेज. अठरा पट हे प्रमाण आजच्या स्वयंपाकघरात अविश्वसनीय वाटते, कारण वरणासाठी डाळीच्या तिप्पट-चौपट पाणी पुरते. परंतु उघड्या मडक्यात, मंद आचेवर, दीर्घकाळ उकळत ठेवायचे असल्यास पाणी आटतच राहते, आणि शेवटी हाती लागणारा यूष सुरुवातीच्या पाण्याचा एक अंश असतो. दाण्यातील जे पाण्यात उतरते ते घ्यायचे आणि जड भाग मागे ठेवायचा, हा यूषाचा हेतू होता, आणि त्यामुळे भांड्यात दाणे थोडे व पाणी फार हे त्याचे मूळ लक्षण ठरते.

यूषाचे दोन प्रकार वैद्यकाने केले. तूप-तेल, मीठ आणि सुंठ-मिऱ्यासारखे तिखट पदार्थ न घालता केलेला तो अकृत, आणि ते घालून सिद्ध केलेला तो कृत. वमन-विरेचनासारख्या शोधनक्रियेनंतर, म्हणजे ओकारी किंवा जुलाब घडवून शरीर रिकामे केल्यानंतर, रुग्णाला क्रमाक्रमाने नेहमीच्या आहारावर आणण्याची जी पद्धत चरकाने सांगितली आहे तिला संसर्जनक्रम म्हणतात; त्यात प्रथम पेया, मग दाटसर पेज म्हणजे विलेपी, मग अकृत यूष, मग कृत यूष आणि अखेरीस मांसरस अशी पायरी-पायरीने चढण आहे. फोडणी ही या दृष्टीने चैन नाही, प्रकृतीच्या सुधारणेची एक पायरी आहे. आजारी माणसाला आधी नुसते मुगाचे पाणी, दुसऱ्या दिवशी चिमूटभर मीठ आणि तुपाचे चार थेंब, आणि मग कधीतरी लसणीची फोडणी अशी परवानगी देणाऱ्या आजीच्या हातून हाच क्रम, ग्रंथ न उघडता, पाळला जात असे.

ही विभागणी केवळ वैद्यांच्या पोथीत अडकून पडलेली नव्हती. बौद्धांच्या पाली विनयपिटकातील महावग्गात औषधांविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात आजारी भिक्षूला पेजेचे निवळ पाणी, अकटयूस, कटाकट आणि मांसाचा रस घेण्याची मुभा दिल्याचे नमूद आहे. पालीतील अकट म्हणजे संस्कृतातील अकृत, आणि अकटयूस म्हणजे मीठ-तेल-मसाल्याविना केलेले मुगाचे पाणी. दोन भिन्न परंपरांत एकच परिभाषा एकाच अर्थाने आढळते, याचा सरळ अर्थ असा की बिनफोडणीचे आणि फोडणीचे असे दोन यूष लोकव्यवहारात आधीपासून वेगळे होते आणि भिक्षुसंघाने व वैद्यांनी ते तेथून उचलले. (पालीतील कट आणि पुरणपोळीच्या दिवशीचा मराठी कट यांचा ध्वनी जुळतो; पण सूप आणि सूप यांचाही जुळतोच.)

सगळे यूष एवढे साधे नव्हते. मुगाच्या यूषात डाळिंब आणि द्राक्षे घालून केलेल्या आंबटगोड प्रकाराला सुश्रुताने रागषाडव म्हटले आहे. सप्तमुष्टिक नावाच्या यूषात नावाप्रमाणे सात पदार्थ मुठीच्या मापाने पडत: कुळीथ, सातू, बोर, मूग, वाळवलेला मुळा, सुंठ आणि धणे. या यादीत दोन कडधान्ये, एक तृणधान्य, एक आंबट फळ, एक कंद आणि दोन मसाले आहेत, आणि तिखटासाठी सुंठ आहे, कारण मिरची अजून या भूमीवर आलेली नव्हती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या, सुमारे ११३० साली सिद्ध झालेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथाच्या अन्नभोग या भागातही डाळी भाजून, भरडून, टरफले काढून मंद आचेवर शिजवण्याची आणि त्यांत हिंगाचे पाणी, हळद व सैंधव घालण्याची रीत येते. मराठी मुलखाला लागून असलेल्या राजधानीतील हे वर्णन वाचताना त्यातील हळद-हिंगाची जोडी आजच्या आमटीच्या पातेल्यातून उचलल्यासारखी वाटते. फरक पडला तो पुढे, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेल्या मिरचीने. मिरे, पिंपळी आणि सुंठ या तिकडीची जागा मिरचीने बहुतेक कालवणांत घेतली, परंतु कढणात मात्र आले-मिऱ्याचा जुना अंमल पुष्कळ अंशी टिकला, कारण आजाऱ्याला मिरची वर्ज्य होती. पथ्याने पदार्थ गोठवून ठेवला, असे म्हणता येईल.

आजाऱ्याच्या वाटीची कथा अशी पोथ्यांतून सलग सापडते. कष्टकऱ्याच्या थाळीची कथा पोथ्यांत नाही, ती पिकात आणि चुलीत शोधावी लागते. कोकणात भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, चवळी यांसारखी कडधान्ये घेतली जातात. त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही, आणि लाल जांभ्याच्या हलक्या जमिनीत कुळीथ तग धरतो. देशावर याच दाण्याला हुलगा म्हणतात, आणि तेथेही तो चांगल्या काळ्या जमिनीचा नव्हे, माळरानाचा आणि अपुऱ्या पावसाचा सोबती आहे. कोकणात त्याच्या पिठाची पिठी होते, जी पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत आणि ताजी मासळी मिळत नाही तेव्हा भाताला पुरते. देशावर त्याचे माडगे म्हणजे पातळ, गरम, लसणीचे पेय होते, आणि जुन्नर आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) बाजूला पिठाच्या वळकट्या करून मसाल्याच्या पाण्यात उकळलेले शेंगोळे होतात. या सर्वांत यूषाच्या सर्वांत जवळचे आहे ते कोकणातील कळण.

कळण करण्याची रीत एका भांड्यातून दोन पदार्थ काढण्याची आहे. कुळीथ बारीक, चपटा आणि तांबूस असल्यामुळे त्यात मिसळलेला खडा डोळ्यांना चुकवतो. म्हणून तो प्रथम सुपात पाखडून आणि ताटात पसरून निवडावा लागतो. रात्रभर भिजवलेले दाणे सकाळी भरपूर पाण्यात घालून मडके चुलीच्या वैलावर चढवले जाई. वैल म्हणजे मुख्य चुलीला जोडून केलेले दुसरे तोंड, ज्यात वेगळे लाकूड घालावे लागत नाही आणि पुढच्या आचेची धग पोहोचते. भाकरी आणि भात पुढच्या आचेवर होत, तोवर कुळीथ मागे निवांत शिजे. दाणा बोटाने दाबला की फुटतो, तरी आकार सोडत नाही, आणि पाणी वीटकरी, किंचित चिकट होते, तेव्हा ते निथळून घेतले जाई. दाण्यांची कांदा-खोबरे घालून उसळ होई आणि पाण्याचे कळण: त्यात कोणी ताक घाले, कोणी नारळाचा रस, आंबटपणासाठी आमसूल, वर ठेचलेल्या लसणीची आणि कढीलिंबाची फोडणी. दाणे चावून खाणाऱ्यांना उसळ आणि दात नसलेल्यांना, तान्ह्या मुलांच्या आयांना, तापातून उठलेल्यांना कळण, अशी वाटणी एकाच मडक्यातून होत असल्याने, वैद्याने सांगितलेला यूष वेगळा रांधावा लागत नव्हता. तो उसळीबरोबर फुकट मिळत होता. पथ्य आणि काटकसर यांची गाठ येथे पडते, आणि कढणाच्या दीर्घायुष्याचे कारण बहुधा हेच आहे.

या दाण्याला इंग्रजीत घोड्याच्या नावाने ओळखले जाते, कारण दक्षिणेत घोड्यांना उकडलेला कुळीथ चारण्याची चाल होती आणि पलटणींच्या खरेदीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांची त्याच्याशी ओळख झाली. घोड्याची चंदी, म्हणजे त्याचा दाणा-चारा, आणि वैद्याचा यूष एकाच पोत्यातून निघत होते. नावाचा परिणाम मात्र दूरवर झाला: पांढरपेशा शहरी घरांत कुळीथ हे जनावराचे किंवा खेड्यातले अन्न ठरले आणि तूर-मुगाला मिळालेली प्रतिष्ठा त्याच्या वाट्याला आली नाही.

पाल्याबाबत वैद्य आणि घर यांचे फारसे मतभेद नव्हते. कोथिंबीर दोघांनाही हवी होती, फक्त घराने ती शेवटी, आच काढून घेतल्यावर घालायला शिकवले, कारण उकळीत तिचा वास उडून जातो. कढीलिंब मात्र फोडणीतच पडतो, कारण त्याचा सुगंध तापलेल्या तुपा-तेलात उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही. जिरे आणि हिंग यांच्यामागे वाताचे, म्हणजे कडधान्याने पोटात धरणाऱ्या वायूचे, भय होते.

भांड्याचा प्रश्न अधिक गंभीर होता. मातीच्या मडक्याची जागा ज्या घरांत तांब्या-पितळेच्या पातेल्यांनी घेतली, तेथे आमसूल, चिंच किंवा ताक घातलेले कालवण कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवले की कळकत असे, म्हणजे आंबटाची धातूशी क्रिया होऊन त्याला हिरवट कडवट चव येई आणि ते विषारी होई. त्यामुळे कल्हईवाल्याची फेरी ही सार-आमटीच्या खाद्यव्यवहाराचा एक आवश्यक भाग होती, आणि आजाऱ्याच्या कढणासाठी पुष्कळ घरांत मातीचे किंवा चांगल्या कल्हईचे वेगळे भांडे राखलेले असे.

मराठीत छापील पाकग्रंथांचा आरंभ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या सूपशास्त्र या पुस्तकाने झाला असे मानले जाते. शीर्षक जुन्या संस्कृत अर्थाने घेतलेले आहे, आणि तो अर्थ त्या काळच्या वाचकाला सांगावा लागत नसावा. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत, कमलाबाई ओगले यांचे रुचिरा १९७० मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत, सूप या शब्दाचा मध्यमवर्गीय मराठी अर्थ पूर्णपणे पालटला होता. त्याने टोमॅटोचा लाल रंग आणि कॉर्नफ्लॉवरचा दाटपणा धारण केला होता. डाळीच्या पाण्याला आता सूप म्हणायचे झाल्यास ते हॉटेलच्या पद्धतीने, मलई घालून सजवल्यावरच म्हटले जाते, आणि घरातले कढण घरातच राहते.

त्याला खरा धक्का बसला तो मात्र शब्दाचा नव्हे. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकरचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो शहरी स्वयंपाकघरात सर्वत्र पोहोचला. कुकरच्या डब्यात डाळीला जेवढे लागते तेवढेच मोजके पाणी घातले जाते, झाकण बंद होते, आणि शिट्ट्या झाल्यावर डाळ सगळे पाणी पिऊन मऊ होऊन बाहेर येते. इंधन वाचले, वेळ वाचला. पण वर निथळून काढावे असे पाणीच भांड्यात उरले नाही. उसळ आणि कळण ही जोडी फुटली, यूषाचे अठरा पट पाणी विस्मरणात गेले, आणि कढण करायचेच झाले तर शिजलेल्या डाळीत नंतर गरम पाणी ओतून ती पातळ करण्याची नवी रीत पडली. दिसायला फरक थोडा; वैद्याच्या व्याख्येनुसार मात्र तो यूष नव्हे, पातळ केलेले वरण होय, कारण जड भाग त्यातून वेगळा झालेलाच नसतो.

एक दिवस मात्र अजून अपवाद आहे. होळीला पुरणाची डाळ बहुतेक घरांत आजही मोठ्या पातेल्यात, सढळ पाण्यात शिजायला ठेवली जाते, कारण पुरण कोरडे हवे असते आणि कटाची आमटी तर हवीच असते. वर येणारा फेस पळीने काढून टाकला जातो, दाणा बोटांत दाबून पाहिला जातो, आणि मग चाळणीखाली भांडे धरून पातेले उपडे केले की पिवळसर, वाफाळते पाणी खाली पडू लागते. डाळीत गूळ पडून ती पुरणयंत्राकडे जाते, आणि कटात गोडा मसाला, चिंच, खोबरे व मूठभर पुरण घालून तो चुलीवर चढतो, वर कढीलिंबाची फोडणी आणि शेवटी चिरलेली कोथिंबीर.